मागच्या लिंकेजची कुरकुर आणि खडखड : माझा अनुभव

लिंकेज म्हणजे मागच्या चाकाचा दांडा (स्विंगआर्म) आणि शॉकअप यांना जोडणारे हलते सांधे. लक्षण असं : डर्ट बाइकवर बसलं की मागून कुरकुर आवाज. बाइक स्टँडवर घेऊन मागचं चाक वर उचललं तर आधी दोन-तीन मिलिमीटर नुसतीच हालचाल, मग शॉकअप दबायचा. पावसाळ्यात इंदूरहून चोरल, जानापावच्या चिखलात फिरल्यावर हे सुरू झालं.

चेन ताणली, स्प्रे मारला, शॉकअप सर्व्हिस केला. तीन महिने वाया गेले, फार चिडचिड झाली. दोष लिंकेजच्या नीडल बेअरिंगमध्ये (सुयांसारखे बारीक रोलर असलेलं बेअरिंग) होता.

बाइक इंजिनखाली टेकू देऊन उचला. चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवून वजन तोला, तरच बोल्ट हाताने सरकतात. ठोकून काढू नका. आधी शॉकअपचा खालचा बोल्ट, मग लिंकेजचे. खाली ताट ठेवा, कारण बऱ्याच बेअरिंगच्या सुया सुट्या असतात. स्लीव्ह (बेअरिंगच्या आतली धातूची नळी) काढून रॉकेलने धुवा. स्लीव्हवर नखाला लागेल असा चरा किंवा सुयांवर गंज दिसला तर दोन्ही बदला. माझे दोन्ही गेले होते.

जुनं बेअरिंग किती आत बसलंय ते काढण्याआधी व्हर्नियरने मोजा. हे मी पहिल्यांदा विसरलो आणि सील बसेना. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, लिंक गरम हवेने तापवा, मग व्हाइसमध्ये योग्य मापाचा सॉकेट लावून सरळ दाबा. पाण्याला टिकणारं ग्रीस सुयांमध्ये भरा, स्लीव्ह, सील बसवा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळा.

धुताना प्रेशरची धार सीलवर मारू नका.