किमान वेतनवाढीने कमी कमावणाऱ्यांचे राहणीमान सुधारले का, हे कसे तपासावे

किमान वेतनाचा दर तासावर किंवा दिवसावर ठरतो, पण घर चालते ते महिनाअखेर हातात पडलेल्या रकमेवर. दर वाढल्यामुळे कमी कमावणाऱ्यांचे राहणीमान सुधारले का, हे पाहायचे असेल तर आदेशातल्या आकड्यापासून घरखर्चापर्यंत पैशाचा माग काढावा लागतो आणि वाटेत तो कुठे गळतो हे शोधावे लागते. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

सुरुवात पगारपत्रकापासून करावी. दरवाढीपूर्वीचे निदान तीन महिन्यांचे आणि नंतरचे तेवढेच पगारपत्रक हजेरीशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावे. मूळ वेतन वाढवून भत्ता तेवढाच कमी केलेला असतो, गणवेशाची किंवा जेवणाची कपात नव्याने सुरू झालेली असते, नगावर मजुरी असेल तर दिवसाचे लक्ष्य वाढवलेले असते. पूर्ण पगार खात्यात जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत मागितला जातो, तेव्हा तर कागद निर्दोष दिसतो. म्हणून कागदाबरोबरच कामगाराशी, मालकाच्या किंवा मुकादमाच्या अपरोक्ष, बोलणे आवश्यक आहे. ज्याला नवा दर मिळालेलाच नाही, त्याच्या बाबतीत दरवाढीचा परिणाम मोजण्यात अर्थ नसतो. तेथे प्रश्न अंमलबजावणीचा असतो आणि त्याची नोंद वेगळी ठेवावी.

त्यानंतर तास मोजावेत. तासाचा दर १०० वरून ११० झाला आणि आठवड्याचे काम ४८ तासांवरून ४४ तासांवर आले, असे समजू. आधीची कमाई ४,८०० होती, आता ती ४,८४० आहे. दर १० टक्क्यांनी वाढला, पण आठवड्याची कमाई १ टक्काही वाढली नाही. त्याच काळात महागाई ४ टक्क्यांनी वाढली असेल, तर ४,८४० ला १.०४ ने भागावे. उत्तर सुमारे ४,६५४ येते, म्हणजे खरेदीची ताकद ३ टक्क्यांनी घटली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, ती म्हणजे त्या कामगाराला आठवड्याचे चार तास मोकळे मिळाले. ते त्याला हवे होते की शिफ्ट कापल्यामुळे नाइलाजाने मिळाले, हे त्यालाच विचारावे.

एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. तास कमी झाले ते दरवाढीमुळे की एकूण धंदाच मंदावल्यामुळे, हे आधी-नंतरच्या तुलनेतून कळत नाही. त्यासाठी, दर वाढला नाही असा शेजारचा भाग तुलनेला घ्यावा लागतो. अमेरिकेत १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा लगतच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया येथील ४१० फास्ट फूड उपाहारगृहांत वाढीपूर्वी आणि वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेतननोंदींच्या आधारे याच्या उलट निष्कर्ष मांडला आणि तो वाद बराच काळ चालला. अमेरिकेतल्याच सिअॅटल शहराच्या किमान वेतनवाढीबाबतही असेच घडले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधक गटाला तासाचा दर १३ डॉलरपर्यंत गेल्यावर कमी पगाराच्या कामांचे तास लक्षणीय घटलेले दिसले, तर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या गटाला उपाहारगृहांमध्ये पगार वाढलेला दिसला, पण रोजगारात घट दिसली नाही. म्हणून कोणताही अभ्यास हाती घेतल्यावर त्यात कोणते कामगार मोजले, कोणते वगळले आणि तुलना कोणाशी केली, हे आधी पाहावे. वॉशिंग्टनच्या अभ्यासातून अनेक शाखा असलेल्या कंपन्या सुटल्या होत्या, हा त्यावरचा महत्त्वाचा आक्षेप होता.

वाढीव पगाराचा भार कोणी उचलला, हाही तपासाचा भाग आहे. हंगेरीने २००१ मध्ये किमान वेतनात फार मोठी वाढ केली. तिच्या अभ्यासात खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार वाढलेल्या किमतींच्या रूपाने ग्राहकांवर आणि उरलेला मालकांच्या नफ्यावर पडल्याचे दिसले. त्यामुळे सरासरी महागाईचा आकडा पुरेसा नाही. कमी कमावणारे कुटुंब ज्या वस्तूंवर आणि सेवांवर खर्च करते, त्यांच्याच किमतींची यादी करावी. घरभाडे आणि प्रवासखर्च तिच्यात हमखास असावा.

सरकारी मदतीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उत्पन्न वाढले की अनुदान कमी होते. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या मदत योजनेत, ठरावीक सवलतीच्या पुढे, हातात येणाऱ्या दर १०० पौंडांच्या वाढीव कमाईमागे ५५ पौंडांची मदत कापली जाते. हा हिशेब वगळला तर लाभ दुप्पट भासू शकतो.

शेवटी मोजमाप व्यक्तीचे नव्हे, कुटुंबाचे करावे. कमी पगाराचा प्रत्येक कामगार गरीब घरातला नसतो, आणि ज्या घरात कमावणारे कोणीच नाही त्याला दरवाढीचा थेट लाभ मिळत नाही. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०१९ मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतनाच्या प्रस्तावाचा अंदाज मांडताना दोन्ही बाजू एकत्र दिल्या होत्या: सुमारे १३ लाख लोक दारिद्र्यातून बाहेर येतील आणि मध्यम अंदाजानुसार तेवढ्याच नोकऱ्या जातील. आपल्या तपासणीतही नोकरी टिकलेल्यांबरोबर नोकरी गेलेल्यांना मोजलेच पाहिजे, कारण कामावर उरलेल्यांचीच सरासरी काढली की चित्र आपोआप गोड दिसते.

माझे मत विचाराल तर, मध्यक वेतनाच्या (ज्याच्या वर आणि खाली निम्मे-निम्मे कामगार असतात त्या पगाराच्या) मानाने बेताची असलेली वाढ बहुतेक ठिकाणी कमी पगारवाल्यांची कमाई खरोखर वाढवते आणि रोजगाराचे मोठे नुकसान करत नाही. अमेरिकी राज्यांतील १९७९ ते २०१६ या काळातल्या १३८ वाढींचा अभ्यास हेच सांगतो. जर्मनीने २०१५ मध्ये ८.५० युरोचा दर लागू केला, तेव्हाही रोजगार न घटता पगार वाढले आणि काही कामगार अधिक पगार देणाऱ्या आस्थापनांकडे गेले. मध्यक वेतनाच्या जवळ पोहोचणाऱ्या दराबाबत हे अनुभव जसेच्या तसे लागू करू नयेत, म्हणून किमान वेतन मध्यक वेतनाच्या किती टक्के आहे, हा आकडा आपल्या तपासणीच्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहावा.

हीच मोजणी बारा महिन्यांनी आणि पुन्हा तीन वर्षांनी करावी. अमेरिकेचा संघीय दर जुलै २००९ मध्ये ७.२५ डॉलर झाला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच थांबला. त्या पहिल्या वर्षी लाभ झालेल्या कुटुंबाच्या वहीत पुढच्या प्रत्येक वर्षी तोच पगार आणि वाढत जाणारे भाडे दिसले असते.