क्नुद क्यूनचं अस्वल घ्यायचंय? आधी ते उलटं करून बघा
क्नुद क्यून (१८८०-१९६९) हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं. डेन्मार्कचा माणूस, मुळात पेंटर, ग्रीनलंडला जाऊन आलेला, आणि रॉयल कोपनहेगन या डॅनिश पोर्सिलेन कंपनीसाठी त्याने केलेली सिरॅमिकची अस्वलं अजिबात गोग्गोड नाहीत, कुणी अंग खाजवतंय तर कुणी स्वतःचे पाय धरून मजेत बसलंय. जुनं घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे पहिला फोटो तळाचा मागा, तोंडाचा नंतर.

तळाला निळ्या तीन लाटा दिसल्या पाहिजेत, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. लाटांवर आडवा ओरखडा असेल तर कारखान्यानेच तो पीस सेकंड म्हणजे थोडा सदोष ठरवलाय, किंमत तशीच कमी हवी (शोकेसमध्येच ठेवायचं असेल तर बिनधास्त घ्या, मी तरी सेकंडच घेईन). सोबत नंबर असतो, स्टोनवेअरचा (जास्त तापमानाला भाजलेल्या कडक मातीच्या वस्तूंचा) बऱ्याचदा २० किंवा २१ ने सुरू होणारा पाच आकडी, शिवाय क्यूनची सही किंवा KK अशी कोरलेली अक्षरं. कंपनीचं नाव गोल छापलेलं असेल तर एखाद्या अक्षराच्या वर बारीक रेघ आहे का बघा. रॉयल कोपनहेगनची रोमन अक्षरं १५, आणि १९३५ ते १९४९ वर्षंही १५, दर वर्षी रेघ एक अक्षर पुढे, म्हणजे पहिल्या अक्षरावर, आर वर, रेघ असेल तर १९३५. १९५० पासून रेघ अक्षराखाली गेली.

खरी गोची कानांची. कान आणि नाक आधी फुटतात आणि लोक ते चिकटवून वरून रंग मारतात, फोटोत कळतच नाही. यूव्ही टॉर्च मारली तर दुरुस्ती बहुतेक वेळा वेगळी चमकते, आणि नखाने टकटक केलं तर तिथे आवाज बद्द येतो. तपकिरी सुंग ग्लेझ (अस्वलावरचा काचेसारखा लेप) कुठे जाड कुठे पातळ असणारच, त्यावरून भांडू नका, पण चिरेत ग्लेझ उतरलेलं असेल तर ती भट्टीतलीच चीर, आतली कोरी माती दिसली तर नंतरचा टवका.

धुताना कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस. आतून पोकळ असतं, तळाला भोक असेल तर आधी टेप लावा नाहीतर पाणी आत जाऊन बसतं आणि मग लाकडी फळीवर डाग.