शेजारघरचे ताट: आल्याची वाइन, कुलकुल आणि दोदोल

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत ख्रिस्ती घरे मोजकीच होती आणि त्यांतले एक आमच्या गडग्याला लागूनच होते. डिसेंबर अर्धा सरला की त्या घराच्या मागल्या पडवीतून आले ठेचल्याचा आवाज येऊ लागे. चतुर्थीला आमच्याकडून तिथे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जात, दिवाळीला फराळाचे ताट जाई आणि नाताळला त्या घरातून आमच्याकडे क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट येई. त्यात मैद्याचे गोड, तळलेले कुलकुल, तांदूळ-नारळ-गुळाच्या दोदोलाचे तुकडे, पुन्हा नेवऱ्या आणि शेजारी एका जुन्या सरबताच्या बाटलीत भरलेली आल्याची वाइन असे. नाव वाइन असले तरी तिच्यात दारूचा थेंबही नसल्याने आमच्या वडिलांचा तिला कधी विरोध नव्हता आणि आम्हा मुलांना मात्र वाइन प्यायल्याची ऐट मिरवता येई. गोव्यात या नाताळच्या फराळाला कोंसुवाद आणि मंगळूरकडे कुस्वार म्हणतात. आमच्या घरी त्याला नुसते 'मावशींचे ताट' म्हणत.

ते ताट स्वतः करायचे ठरवल्यावर माझी पहिली दोन वर्षे वाया गेली. पदार्थ बिघडले नव्हते, पण ती चव येत नव्हती. तिसऱ्या वर्षी मावशींच्या सुनेसमोर बसून सारे पाहिले, तेव्हा कारण कळले. मी नारळाच्या रसाऐवजी दूध वापरत होतो, साखर करपेल या भीतीने तिला नुसता सोनेरी रंग देत होतो आणि सगळे एकाच दिवशी उरकायला पाहत होतो. म्हणून पुढची कृती चोवीस तारखेपासून उलट मोजून सांगतो: वाइन साधारण पंधरा डिसेंबरला, कुलकुल वीसच्या सुमारास आणि दोदोल बावीस किंवा तेवीसला करावा.

आल्याच्या वाइनसाठी 250 ग्रॅम आले, सव्वा लिटर पाणी, 1 किलो साखर, 8 लवंगा, दोन इंच दालचिनी, बिया काढलेल्या 2 सुक्या मिरच्या आणि 2 छोटे चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) लागते. आले जून घ्यावे. डिसेंबरात बाजारात येणारे नवे, पातळ सालीचे आले चटणीला उत्तम असले तरी त्याला हवा तेवढा तिखटपणा नसतो. आले धुऊन, साल खरवडून ते पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचावे, मिक्सरमध्ये वाटू नये, कारण वाटलेल्या आल्यातले सत्त्व पाण्यात उतरून वाइन दुधाळ आणि गढूळ होते व ती कितीही गाळली तरी निवळत नाही. मिरचीचे नाव ऐकून पुष्कळजण दचकतात. आल्याचा तिखटपणा जिभेवर लगेच जाणवतो आणि मिरचीचा घशात मागाहून रेंगाळतो. लहानपणी दुसरा घोट घेण्याआधी आम्ही जो क्षणभर थांबत असू, तो या मिरचीमुळेच. ठेचलेले आले, मसाले आणि मिरच्या पाण्यात घालून मंद आचेवर अर्धा तास उकळावे आणि झाकण ठेवून रात्रभर तसेच मुरू द्यावे. सकाळी पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. ते साधारण एक लिटर भरते.

आता साखर जाळायची. वाइनचा रंग आणि निम्मी चव इथेच ठरते, म्हणून या कामाला घाई करू नये आणि मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. एक किलोपैकी 150 ग्रॅम साखर जाड बुडाच्या कढईत पाण्याशिवाय, मंद आचेवर वितळू द्यावी. चमच्याने ढवळण्यापेक्षा कढईच अधूनमधून हलवावी, म्हणजे खडे धरत नाहीत. साखर आधी मधाच्या रंगावर येते, आणि मी दोन वर्षे नेमका तिथेच घाबरून गॅस बंद करत होतो. तिला पुढे जाऊ द्यावे. ती गडद तांबूस होते, मग काळसर, आणि कडेने बारीक धूर निघू लागतो. त्याच क्षणी आच बंद करून अर्धी वाटी कडकडीत गरम पाणी कढईच्या कडेने जपून सोडावे. ते जोरात फसफसते आणि अंगावर उडते, म्हणून हात लांब ठेवावा आणि पाणी थंड नसावे. धुराची पहिली रेघ दिसल्यानंतर आणखी अर्धा मिनिट गेले, तर साखर इतकी कडू होते की ती टाकून देऊन नव्याने सुरुवात करावी लागते. उरलेली साखर गाळलेल्या आल्याच्या पाण्यात घालून, ती विरघळून एक उकळी येईपर्यंतच तापवावी, मग जळलेल्या साखरेचे पाणी मिसळावे आणि शेवटी आच बंद करून लिंबूफूल घालावे. हे सारे स्टीलच्या पातेल्यात करावे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि तो पोटाला अपाय करतो.

उकळलेल्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या दोन बाटल्यांत वाइन भरावी आणि दोन-तीन दिवस न हलवता ठेवावी. तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून वरची निवळ दुसऱ्या बाटलीत ओतली की तिचा रंग कोकमाच्या जुन्या आगळासारखा दिसतो. एका भागाला तीन भाग थंड पाणी घालून ती प्यायला द्यावी. फ्रिजमध्ये तीन आठवडे ती चांगली टिकते. बाटली उघडताना फुसकारा आला किंवा बुडबुडे दिसले तर ती आंबू लागली आहे असे समजून टाकून द्यावी.

कुलकुल हे एकट्याने करायचे काम नव्हे. मावशींच्या घरी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रे पसरत, प्रत्येक मुलाच्या हाती एक नवी कोरी फणी किंवा काटा देत, आणि जो सर्वांत अधिक कुलकुल वळेल त्याला तळणीतले पहिले मिळत. अर्धा किलो मैद्यात 100 ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालून हाताने चोळावे. त्यात एक फेटलेले अंडे घालावे आणि एका नारळाचा घट्ट रस लागेल तसा घालत पुरीसारखे घट्ट पीठ मळावे. अंडे नको असल्यास तुपाचा आणखी एक चमचा घालावा. पीठ अर्धा तास झाकून ठेवून त्याच्या बोराच्या बीएवढ्या गोळ्या कराव्यात, प्रत्येक गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने चपटी दाबावी आणि एका कडेकडून गुंडाळत आणून शेवटची कड नीट दाबून मिटवावी. कड उघडी राहिली तर कुलकुल तेलात उलगडतो आणि त्याच्या वळ्या जातात. पिठातच साखर असल्याने आच मोठी ठेवल्यास वरून लाल आणि आतून कच्चे राहते, म्हणून तेलात टाकलेली गोळी सावकाश वर येईल एवढीच आच ठेवून फिका बदामी रंग येईपर्यंत तळावे. पूर्ण गार झाल्याखेरीज डब्यात भरू नये.

दोदोलाला मनगटात जोर हवा. 250 ग्रॅम तांदळाचे बारीक पीठ, अर्धा किलो माडाचा काळा गूळ, तीन पूर्ण तयार नारळ, मूठभर काजू आणि चिमूटभर मीठ एवढेच साहित्य आहे. उसाचा गूळ घातल्यास पदार्थ होतो, पण तो धुरकट वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय मी त्याला दोदोल म्हणणार नाही. काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होत असल्याने डिसेंबरातले काजू मागच्या हंगामाचे असतात. ते एक दिवस उन्हात तापवून घेतले तर त्यांचा सादळलेपणा जातो. नारळाचा पहिला घट्ट रस वेगळा काढून ठेवावा आणि त्याच चोथ्यात गरम पाणी घालून तीन-चार वाट्या पातळ रस काढावा. निम्म्या पातळ रसात गूळ वितळवून तो फडक्यातून अवश्य गाळावा, कारण माडाच्या गुळात वाळूची कचकच हमखास असते. उरलेल्या गार पातळ रसात पीठ कालवून, गुठळ्या मोडून, दोन्ही एकत्र जाड बुडाच्या टोपात शिजवायला ठेवावे.

इथून पुढे दीड ते दोन तास लाकडी उलथने थांबता कामा नये. मिश्रण आटू लागले की घट्ट रस थोडाथोडा घालत जावा. मध्येच ते खळीसारखे चिकट होऊन बिघडल्याची शंका येते, पण तेव्हा आच वाढवू नये. मीठ आणि काजू शेवटच्या पाव तासात घालावेत. गोळा टोपाच्या कडा सोडून उलथन्याभोवती फिरू लागला आणि कडेला नारळाचे तेल सुटलेले दिसले, की तो तूप लावलेल्या ताटात थापावा आणि दुसऱ्या दिवशीच कापावा, कारण गरम असताना सुरीला चिकटून त्याच्या वड्या पडत नाहीत. तो हवेशीर जागी आठवडाभर राहतो.

बिबिंक, म्हणजे थराथरांचा गोवन केक, पहिल्या वर्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेक थर वर ठेवलेल्या निखाऱ्यांच्या आचेने भाजायचा तो पदार्थ सबंध दिवस मागतो आणि तेवढ्या श्रमात ही तिन्ही कामे होतात.

ताट भरताना दोदोल केळीच्या पानाच्या तुकड्यावर वेगळा ठेवावा, नाहीतर त्याचा ओलावा आणि तेल लागून कुलकुल मऊ पडतात. ताट मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) नव्हे, तर पंचवीसच्या सकाळी उजेडातच शेजारी पोचवावे. आमच्याकडे मावशींचे ताट धुऊन-पुसून फडताळात ठेवलेले असे. रिकामे परत करायचे नाही म्हणून आई ते तीन आठवडे थांबवून ठेवी आणि संक्रांतीला तिळाचे लाडू घालून माझ्याच हाती पाठवी.