संज्ञांची भावकी आणि मधला बांध : दहावीच्या उजळणीसाठी

व्याख्या तोंडपाठ असते, तरी मार्क जातात. बहुतेक वेळा शब्द एकटा पाठ केलेला असतो आणि पेपरात तो चुलतभावाला खेटून येतो: वस्तुमान की वजन, मध्य की मध्यक, समरूप की एकरूप. दोन शेतांची हद्द बांधावरून कळते, तशी संज्ञाही भावकीपासून कुठे वेगळी पडते यावरून कळते. म्हणून पाठांतर जोडीचं करा.

त्यासाठी विकतची कार्डं नकोत. घरात लग्नसराईच्या जुन्या पत्रिका पडलेल्या असतातच. कोऱ्या बाजूचे अर्ध्या पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. एका बाजूला फक्त जोडी लिहा. दुसऱ्या बाजूला तीन ओळी: दोघांत सारखं काय, फरक कशात, आणि आकडा किंवा नाव असलेलं एक उदाहरण. फरकाची ओळ पुस्तक मिटून लिहा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहा. उतरवून काढलेली ओळ हाताला कळते, डोक्याला नाही. रोज आठ जोड्या पुरेत. कार्ड त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी पाहा. चुकलं की ते पुन्हा पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात. सेमीवाल्यांनी इंग्रजी संज्ञाही त्याच कार्डावर लिहावी, वेगळा गठ्ठा करू नये.

सगळ्यात जास्त घोटाळा विज्ञानात होतो, कारण तिथले शब्द आपण घरीही वापरतो, पण वेगळ्या अर्थाने. ‘युरियाच्या गोणीचं वजन ४५ किलो’ हे कृषी केंद्रात बरोबर आहे. पेपरात ४५ किलोग्रॅम हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी तिला ज्या बलाने ओढते ते बल: ४५ × ९.८ = ४४१ न्यूटन. हीच गोणी चंद्रावर नेली तर वस्तुमान ४५ किलोग्रॅमच राहील, वजन मात्र साधारण सहाव्या हिश्श्यावर येईल. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो, स्प्रिंगचा काटा वजन मोजतो. एकक लिहायला विसरलात तर यातलं काय मोजलं ते तपासणाऱ्याला कळणार कसं?

दुसरी जोडी निरपेक्ष आणि सापेक्ष आर्द्रता. हिचं उत्तर प्रत्येक घराच्या खिडकीत बसलेलं आहे: कूलर. मे महिन्यात तो गारवा देतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो. एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे, ती निरपेक्ष आर्द्रता. त्याच तापमानाला तेवढी हवा संपृक्त व्हायला जेवढं बाष्प लागेल, त्याच्या किती टक्के बाष्प सध्या आहे, ती सापेक्ष. हवेत १२ ग्रॅम बाष्प आहे आणि संपृक्त व्हायला ३० ग्रॅम लागतं, तर सापेक्ष आर्द्रता ४० टक्के. तापमान वाढलं की हा ३० चा आकडा वाढतो. १२ तेवढेच राहिले तरी टक्का घसरतो, खसच्या जाळीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेतं. जुलैत हवा आधीच संपृक्ततेजवळ असते, मग पाणी उडणार कुठे? हे कारण लिहिता आलं की व्याख्या वेगळी घोकावी लागत नाही.

अप्रकट उष्म्याच्या (तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलायला लागणाऱ्या उष्णतेच्या) उदाहरणात एक पायरी हमखास सुटते. ० अंशाच्या १० ग्रॅम बर्फाचं १० अंशाचं पाणी करायचं असेल, तर वितळायला १० × ८० = ८०० कॅलरी आणि तापायला १० × १ × १० = १०० कॅलरी, एकूण ९०० लागतात. बर्फ वितळत असताना तापमान हलत नाही, म्हणून पहिला हिशेब नजरेतून निसटतो.

जीवशास्त्रात प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण ही तीन भावंडं आहेत, पेशीत प्रथिन बनण्याच्या पायऱ्या. सातबाऱ्याची नक्कल आठवा. मूळ कागद तलाठ्याच्या दप्तरात राहतो, नक्कल बाहेर जाते. डीएनए केंद्रकात राहतो आणि त्यावरून एम-आरएनए बनतो, हे प्रतिलेखन. नकलेत थायमिनऐवजी युरासिल येतं. ती नक्कल वाचून अमिनो आम्लं क्रमाने आणली जातात, हे भाषांतरण. प्रथिन जोडणारा रायबोझोम एकेक कोडॉन (नकलेवरची तीन अक्षरं) पुढे सरकतो, हे स्थानांतरण. क्रम चुकला तर तिन्ही चुकतात.

इतिहासात सन पाठ असतं, कारण नसतं. आठवीत येऊन गेलेले ‘तैनाती फौज’ (संस्थानिकाच्या खर्चाने ठेवलेली इंग्रजांची फौज) आणि ‘खालसा’ (राज्य जप्त करणं) हे दोन शब्द विदर्भाच्या दोन अंगांवरून वेगळे करता येतात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं, फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून. नावाची मालकी निजामाचीच राहिली. त्याच साली तिसरे रघूजी भोसले औरस वारस न ठेवता वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. एकीकडे कर्ज, दुसरीकडे वारस. असंच असहकार आणि कायदेभंग. काँग्रेसच्या १९२० च्या नागपूर अधिवेशनात ठरलेला असहकार म्हणजे सरकारी शाळा, कोर्ट, पदव्या यांतून अंग काढून घेणं. कायदेभंग म्हणजे एखादा कायदा उघडपणे मोडणं. १९३० मध्ये मीठ हाताशी नव्हतं, म्हणून विदर्भातले पुढारी बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं. दहावीच्या इतिहासलेखनातल्या दृष्टिकोनांनाही एकेक माणूस चिकटवा. १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापणारा विल्यम जोन्स प्राच्यवादी, म्हणजे पूर्वेकडच्या भाषा-संस्कृतींचा अभ्यासक. भारतात पाऊल न ठेवता भारताचा इतिहास लिहिणारा जेम्स मिल साम्राज्यवादी, म्हणजे इंग्रजी सत्तेच्या नजरेने लिहिणारा.

गणितात शब्द कमी, पण एक शब्द चुकला की अख्खं उदाहरण जातं. सात मजुरांनी वेचलेला कापूस किलोत असा: २०, २०, २५, ३०, ३५, ४०, ७५. बेरीज २४५ भागिले ७, म्हणून मध्य ३५. चढत्या क्रमात मधला चौथा आकडा ३०, तो मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला २०, तो बहुलक. इथे पुष्कळ जण बहुलक ‘२’ लिहितात. ती वारंवारता झाली. ७५ च्या जागी १४५ घातले (दोन दिवसांचा कापूस एकदम मोजला असेल!) तर मध्य ४५ होतो, मध्यक ३० वरच राहतो. समरूपतेत गावनकाशा डोळ्यांपुढे ठेवा: आकार तोच, माप लहान. बाजू दुप्पट झाली की रान चौपट होतं. बाजूंचं गुणोत्तर १:२ असताना क्षेत्रफळांचंही १:२ लिहिणं, ही चूक सराव पेपरात पुन्हा पुन्हा सापडते.

परीक्षा घ्यायला विषय जाणणारं कुणी लागत नाही. वाचता येणाऱ्या धाकट्या भावाच्या हातात गठ्ठा द्या. मागच्या बाजूच्या ज्या शब्दांशिवाय उत्तर अपुरं राहतं, त्यांच्याखाली लाल रेघ मारून ठेवा. लाल शब्द आला नाही तर कार्ड नापास, दयामाया नाही. एक फेरी उलटीही घ्या: त्याने उदाहरण वाचायचं, तुम्ही शब्द सांगायचा. तीनदा नापास झालेलं कार्ड बहुधा चुकीचं लिहिलेलं असतं. ते फाडून टाका आणि घरातल्या दुसऱ्या वस्तूचं उदाहरण घेऊन नवं करा.