गाझान खानाचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

मंगोलांचा इतिहास म्हटलं की विद्यार्थी चंगीझ खानापासून सुरुवात करतात आणि स्वाऱ्यांच्या नकाशातच गुंततात. एम.ए.ला मध्ययुगीन इराण घेणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाझान खान घ्या. चंगीझच्या नातवाने, हुलागूने, इराणात उभारलेल्या इल्खानी सत्तेच्या गादीवर हा त्याचा पणतू १२९५ मध्ये आला आणि १३०४ मध्ये बत्तिशीतच वारला. राजवट नऊ वर्षांची, पण साधनं भरपूर.

आधी लढाया बाजूला ठेवा, महसूल वाचा. १२९४ मध्ये गाझानच्या आधीच्या गैखातू या इल्खानाने राजधानी तब्रीझमध्ये कागदी चलन सक्तीने आणलं. बाजार ओस पडले, ते मागे घ्यावं लागलं. गावांची अवस्था तर त्याहून वाईट. यज्दच्या बाजूला लोक घरांच्या छतांवर पहारेकरी बसवत. वसुलीवाला दिसला की आरोळी उठायची आणि अख्खं गाव लपायचं. एकच कर वर्षातून अनेकदा उकळला जाई, मग दुसरं काय होणार? गाझानने कराचे दर आणि हप्ते ठरवून दिले, नाणी आणि वजनं-मापं एकसारखी केली, सरकारी दूतांचा जाच आवरला. इस्लाम स्वीकारण्याचा त्याचा निर्णयही मला या पार्श्वभूमीवरच नीट उमगला. रयत बहुसंख्य मुसलमान होती आणि गादीसाठी बैदू या भाऊबंदाशी झगडताना अमीर नवरूझ या मुसलमान मंगोल सरदाराचा पाठिंबा हवा होता. त्याच नवरूझला त्याने १२९७ मध्ये ठार करवलं.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून बाळगा. ही सगळी हकिकत मुख्यतः रशीदुद्दीनच्या ‘जामी-उत-तवारीख’ या फारसी इतिहासग्रंथातून येते, आणि रशीदुद्दीन हा गाझानचाच वजीर. आधीचा कारभार जितका काळा रंगवावा, तितक्या त्याच्या धन्याच्या आणि स्वतःच्या सुधारणा उजळ दिसणार. फर्मान निघालं म्हणजे ते गावागावांत पाळलं गेलं, असं धरू नका. म्हणून जोडीला मामलुकांच्या, म्हणजे इजिप्त-सीरियाच्या शत्रू सुलतानांच्या, बाजूचं अरबी लेखन वाचाच. १२९९ च्या डिसेंबरात सीरियातल्या होम्सजवळ मामलुकांना हरवून गाझान दमास्कसपर्यंत पोचला. तिथल्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने मंगोलांचं मुसलमानपण खरं मानायलाच नकार दिला. एकच माणूस दोन दरबारांत किती वेगळा दिसतो, ते इथे कळतं.

इंग्रजी अनुवादांवर पहिलं वर्ष निभतं, पुढे फारसीला पर्याय नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांसाठी फारसी शिकलेल्यांना इथे मोठा आधार मिळतो, कारण फर्मानांचा साचा ओळखीचा वाटतो.

राजकीय घटनाक्रम पक्का झाला की रशीदुद्दीनने तब्रीझजवळ वसवलेल्या रब-ए-रशीदी या वसाहतीची वक्फनामा-प्रत, म्हणजे धर्मादाय दानपत्राची प्रत, वाचायला घ्या. आपल्या ग्रंथांच्या प्रती दरवर्षी अरबी आणि फारसीत उतरवून घेण्याची तजवीज त्याने तिच्यात करून ठेवली होती. १३१८ मध्ये त्याला देहदंड झाला आणि ती वसाहत लुटली गेली, पण दस्तऐवज टिकला.