फराळाचं माप परातीतच ठरतं

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 6.2 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरून मी त्या वर्षी बेसनाचे लाडू साखरेऐवजी बाजारातली शुगर-फ्री पावडर घालून केले. भाऊबीजेला भावाने एक घास घेतला, उरलेला लाडू ताटाच्या कडेला ठेवला आणि हळूच म्हणाला, "ताई, हा लाडू तुझा नाही गं." त्याच्या आदल्या रात्री, पाडव्याला, मी ओट्यापाशी उभी राहून कुणीतरी आणलेल्या खोक्यातले चार पेढे खाल्ले होते. दिवसभर मन मारलं होतं, ते रात्री असं वसूल झालं.

तेव्हापासून मी फराळ खराखुराच करते, साखर-तूप घालूनच. फक्त किती खायचं हे ताटावर बसल्यावर ठरवत नाही. डबा समोर उघडा असताना, माणसं आग्रह करत असताना कुणाचाच निर्धार टिकत नाही. जे ठरवायचं ते वाणसामानाची यादी लिहितानाच ठरवायचं.

लाडवाचंच बघा. पूर्वी मी अर्धा किलो बेसनाला पाव किलो तूप आणि 400 ग्रॅम पिठीसाखर घ्यायची आणि मूठभर मोठे, साधारण 50 ग्रॅमचे लाडू वळायची. तेवीस व्हायचे. म्हणजे एका लाडवात 17 ग्रॅम साखर आणि 11 ग्रॅम तूप. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे चहाचे सहा चमचे. माझ्या दोन लाडवांतच ती रेघ ओलांडली जायची, चहाची साखर वेगळीच.

आता तेवढ्याच बेसन-तुपात 300 ग्रॅम साखर घालते आणि 25 ग्रॅमचा लाडू वळते. बेचाळीस होतात. एका लाडवात साखर 7 ग्रॅम, तूप 6. पहिले दोन-चार लाडू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, मग हाताला अंदाज येतो. साधारण लहान लिंबाएवढा. दोन खाल्ले तरी मन भरतं, कारण "एक संपला, दुसरा घेतला" याचं एक वेगळंच समाधान असतं.

साखर कमी केल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये असं वाटत असेल तर बेसन भाजण्यात कंजुषी करू नका. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं, हात न थांबवता. आधी गोळा घट्ट असतो, उलथणं जड जातं. मग हळूहळू तूप सुटायला लागतं, पीठ सैल होतं आणि खमंग वास जिन्यापर्यंत जातो. रंग बदामी झाला की गॅस बंद करून चमचाभर दुधाचा हबका मारायचा. बेसन फसफसून वर येतं आणि लाडू रवाळ होतो. पूर्ण निवल्यावरच साखर, वेलदोडा, जायफळ आणि मिठाची एक कणी. कच्चट भाजलेलं बेसन जास्त साखर मागतं, हे मी अनुभवाने सांगते.

गुळाबद्दल मला दरवर्षी विचारतात. गूळ घाला, चवीला फार सुंदर लागतो. पण गूळही जवळजवळ सगळी साखरच असते, रक्तात ती साखरेसारखीच वागते. "गुळाचा आहे, घ्या आणखी एक" असं म्हणून मधुमेहाच्या माणसाला वाढू नका.

दुसरा गैरसमज भाजलेल्या पदार्थांचा. लहानपणी आम्ही सांगलीत नानकटाईचं पीठ घरी फेसून डब्यातून बेकरीत न्यायचो. तिथे पत्रे मिळायचे, त्यावर गोळे मांडायचे, प्रत्येकावर चारोळीचा दाणा दाबायचा आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून नंबराची वाट बघत बसायचं. भट्टीतून पत्रा बाहेर आला की अख्ख्या बोळात तुपाचा दरवळ सुटायचा. आता घरोघरी ओव्हन आला आणि लोक म्हणतात, तळलेलं नाही ना, मग खायला हरकत नाही. पण नानकटाईचं तूप कढईत नसतं, पिठातच असतं. दोन भाग मैद्याला एक भाग तूप, एक भाग साखर असं माप धरलं तर 20 ग्रॅमच्या एका नानकटाईत 5 ग्रॅम तूप आणि 5 ग्रॅम साखर आलीच. मी पाव किलो मैद्याच्याच करते. चहाबरोबर एक, तीही बिनसाखरेच्या चहाबरोबर. बेक केलेल्या शंकरपाळ्यांचंही तसंच. तळणीचं तेल वाचतं हे खरं, पण साखर आणि मोहन जागच्या जागी असतं.

तळणीला माझा विरोध नाही. मात्र तेल नीट तापलेलं हवं. पिठाची गोळी टाकली की ती लगेच वर आली पाहिजे. थंड तेलात चकली रेंगाळते आणि तेल पिते. मोहन जास्त झालं तरी तेच, शिवाय ती तेलात विरघळते. चिवड्याला मी पातळ पोहे घेते, दिवसभर उन्हात ठेवते, मग कढईत कोरडेच कुरकुरीत भाजते. अर्धा किलोला फोडणीचं पाच-सहा मोठे चमचे तेल पुरतं. दाणे, डाळं, कढीपत्ता भरपूर घाला.

आता खाण्याबद्दल. आमच्याकडे फराळ जेवणावर जात नाही, जेवणाच्या जागी येतो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर सगळे पाटावर बसतात तेव्हा ताटलीत दोन चकल्या, वाटीभर चिवडा, एक करंजी, एक लाडू असतो आणि सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ आणि दही असतंच. आधी उसळ खायची, गोड शेवटी. मग पुन्हा नाष्टा नाही. कोकणातल्या माझ्या जावेकडे त्या सकाळी कारीट फोडून नाना तऱ्हेचे पोहे करतात, तिथेही मी उसळीची वाटी घेतेच. दुपारी साधं वरण-भात-भाजी. संध्याकाळी कुणाकडे जायचं असेल तर तिथे एक गोड, आणि परत येताना पंधरा मिनिटं पायी. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते, ग्लुकोमीटर लावून मी स्वतः पाहिलं आहे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी "रात्री गोड खायचंय" म्हणून दुपारचं जेवण टाळू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, ते जास्त धोक्याचं. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटांचा. आमच्या मजल्यावर चार घरं. गेल्या वर्षी मीच विषय काढला आणि पदार्थ वाटून घेतले. लाडू माझे, चकली समोरच्या काकूंची, करंज्या वरच्या टोकाच्या वहिनींच्या, चिवडा चौथ्या घरी. प्रत्येकीने एकच पदार्थ मन लावून केला आणि सगळ्यांकडे सगळं पोचलं. कुणालाही "नको" म्हणून दुखवावं लागलं नाही. सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं, पण काकूंच्या चकलीला नाव ठेवायला त्यांनाही जागा सापडली नाही.

बेचाळीस लाडवांतले बारा मी वळल्या दिवशीच भावासाठी डब्यात भरते. बाकीचे फडताळात वरच्या फळीवर, टेबलावर कधीच नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत तळाशी चकल्यांचा चुरा उरतो. तो टाकू नका. गरम उसळीवर कांदा, कोथिंबीर आणि लिंबाबरोबर मूठभर भुरभुरा, रात्रीचं जेवण झालं.