पात्राचा स्वभाव फ्रेममध्ये दिसत नाही? शॉर्टफिल्म करताना या चुका टाळा

युवक महोत्सवात, एकांकिकांत तयार झालेली मराठवाड्यातली पोरं आता मोबाईलवर शॉर्टफिल्म करतात. बोली पक्की असते, अभिनयात दम असतो. पण आवाज बंद करून पाहिलं की कोण मालक, कोण मिंधा, कोण कुणावर रुसलेलं, काही म्हणजे काही कळत नाही. सगळं डायलॉगवर टाकलेलं. खरं तर माणूस कुठं बसतो, कुणाला पाहून उठतो आणि कुणाला पाहून उठत नाही, यातच त्याचा अर्धा स्वभाव उघडा पडतो. ही मांडणी, म्हणजे ब्लॉकिंग, कुठं कुठं बिघडते ते पाहू.

सगळे एका ओळीत

नाटकात प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे इतकं अंगात मुरलेलं असतं की कॅमेऱ्यासमोरही बाप, लेक, सून आणि सरपंच लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे ओळीनं उभे राहून बोलतात. सगळे सारख्याच अंतरावर, त्यामुळं सगळ्यांचं वजनही सारखंच. कॅमेऱ्याला प्रेक्षागृह समजू नका. पाठ दाखवा. रुसलेल्या माणसाची पाठ त्याच्या तोंडापेक्षा जास्त बोलते.

फ्रेम आडवी भरण्याऐवजी आत न्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात ही सोय आयती असते: दारातून ढाळज, पुढं चौक, पलीकडं माजघर. ‘सिटिझन केन’ (1941) या सिनेमात आई जवळ टेबलाशी बसून कागदावर सही करते, बाप मागं उभा राहून विरोध करत असतो, आणि ज्याच्या आयुष्याचा सौदा चाललाय तो पोरगा पार मागं, खिडकीबाहेर बर्फात खेळताना दिसतो. घरात कुणाचं चालतं हे अंतरावरूनच कळतं. जवळचं-लांबचं सगळं एकाच वेळी स्पष्ट ठेवायला कॅमेरामन ग्रेग टोलंडला भरपूर लाईट लावावे लागले होते. तुमच्या फोनचा सेन्सर लहान असल्यानं त्याला हे दिवसाउजेडी फुकटात जमतं. आणि आपण काय करतो, तर ‘सिनेमॅटिक’ मोड लावून मागचं सगळं धूसर करून टाकतो! तो मोड बंद ठेवा.

सामान म्हणजे स्वभाव नव्हे

सावकार दाखवायचा? लोड, पानाचा डबा, चार अंगठ्या. मास्तर दाखवायचा? चष्मा आणि पुस्तकांचा ढीग. यातून पात्राचा धंदा कळतो, माणूस कळत नाही. वस्तूला अर्थ येतो तो कुणीतरी तिला हात लावल्यावर, किंवा तिच्यासमोर काहीतरी घडल्यावर. ‘फँड्री’ (2013) मध्ये शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत, त्यात बाबासाहेबही आहेत. अशी भिंत गावोगाव असते. पण तिच्यासमोरून सिनेमाचा नायक जब्या याच्या घरचे बांधलेलं डुक्कर वाहून नेतात, तेव्हा त्या भिंतीकडं बघवत नाही.

मोंढ्यातला एक प्रसंग घेऊ, कारण तो बऱ्याच स्क्रिप्टमध्ये असतो. शेतकरी सोयाबीन घेऊन आडतीवर आलाय. नेहमीची मांडणी ठरलेली: अडत्या गादीवर, शेतकरी हात जोडून पुढं, आणि मग कर्ज, लेकीचं लग्न, पाऊस यांवर लांबलचक भाषण. ते भाषण काढून टाका. अडत्या फोनवर बोलतोय, बोलणं संपत नाही. बोलता बोलताच तो पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली फोडतो, बाकीचे फरशीवर सोडून देतो. फोनवर हात ठेवून म्हणतो, “ओल आहे.” शेतकरी काहीच बोलत नाही. खाली बसून ते सांडलेले दाणे एक-एक वेचतो, पोत्यात टाकतो आणि त्याच पोत्यावर बसतो. ‘बसा’ कुणी म्हटलेलं नाही. दोघांचे स्वभाव समोर आले, आणि खर्च मूठभर सोयाबीनचा. शूट करताना एक सांभाळा: दाणे वेचणाऱ्या हातांचा क्लोज आधीच घेऊ नका. लांबच्या शॉटमध्ये फरशी, गादी आणि माणूस एकत्र दिसू द्या, हात त्यानंतर.

सावली कुणाची, ऊन कुणाचं

ही चूक आपल्याकडं सर्रास होते, आणि नवल म्हणजे मराठवाड्यातल्याच पोरांकडून होते. एप्रिल-मेच्या उन्हात शेतातला सीन असतो आणि मालक, मुकादम, मजूर सगळे उघड्यावर उभे राहून बोलतात. असं कधी पाहिलंय का कुणी? चाळीस डिग्रीच्या पुढं पारा गेला की सावली हीच सत्ता असते. बांधावरच्या लिंबाखाली कोण बसलंय, कोण सावलीच्या कडेला उभं आहे आणि कोण उन्हातच बोलतंय, एवढ्यावर अख्ख्या वस्तीची उतरंड मांडता येते. मुकादमाला बरोबर सावलीच्या रेषेवर उभा करा: तोंड सावलीत, पाठ उन्हात. त्याचं काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि एखादा मजूर सावलीत जागा असूनही उन्हातच थांबत असेल, तर तो ताठ आहे की भेदरलेला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप येतो.

अडचण अशी की सावली सरकते. तिसऱ्या टेकला मालक उन्हात आलेला असतो. म्हणून सावलीची रेषा दिसणारे लांबचे शॉट आधी उरका, क्लोज नंतर. भर बाराला शूट नकोच, डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो आणि चेहरा हरवतो. सकाळी लवकर किंवा चारनंतर बरं.

दुसरी तक्रार नेहमी कानावर येते: घरातून दाराकडं फ्रेम लावली की माणूस काळा पडतो, किंवा तो चालताना उजेड आपोआप कमी-जास्त होतो. फोन ऑटोवर असतो म्हणून असं होतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, लॉक होईल. बाहेरचं अंगण पांढरं फटक जाईल, जाऊ द्या. पण पात्राला मुद्दाम काळं ठेवायचं असेल, तर अंगणावर बोट दाबून लॉक करा.

दाराआडची बाई

दर दुसऱ्या शॉर्टफिल्ममध्ये एक बाई चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून बैठकीतलं बोलणं ऐकत असते. एकदा ठीक होतं, आता डोळे विटले. बाई दबलेली आहे हे दाखवायला चौकट, आणि ती कणखर आहे हे दाखवायला त्याच चौकटीतून बाहेर येऊन भाषण! त्यापेक्षा तिला माजघराच्या वाटेत मधोमध सूप घेऊन तूर निवडायला बसवा. घरातले पुरुष तावातावानं ये-जा करतील, पण प्रत्येकाला सुपाला वळसा घालून जावं लागेल, आणि ती मान वर करणार नाही. ज्याचा पाय सुपाला लागेल, तो त्या घरात नवा.

‘चारुलता’ (1964) मध्ये एकटेपणाबद्दल अवाक्षर न बोलता तो दाखवलाय. नायिका चारू घरातूनच दुर्बिणीतून रस्त्यावरचे लोक बघते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या जवळून निघून जातो, तिच्याकडं न बघताच. ती दुर्बीण त्याच्यावर रोखते.

घर गावचं आहे का?

लोकेशन ‘गावाकडचं’ दिसलं म्हणून चालत नाही. लातूर-धाराशिवच्या भूकंपपट्ट्यातली गोष्ट सांगताना दगडी वाडा आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, दाखवणाऱ्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवावी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखालीच माणसं गेली. तिथली कितीतरी गावं आज पुनर्वसित आहेत: सरळ रस्ते, एकसारखी घरं. दिसायला ‘फिल्मी’ नाहीत, पण पात्र तिथंच सापडतं. म्हाताऱ्याची बाज घ्या. पोरगा रोज ती भिंतीला लावतो, म्हातारा रोज ओढून खोलीच्या मधोमध आणतो. घरात चालताना अडचण होते, सुनेची चिडचिड होते, तो ऐकत नाही. भूकंप हा शब्द सिनेमात एकदाही आला नाही तरी चालेल.

किरकोळ दोन गोष्टी. लो अँगल, म्हणजे कॅमेरा खालून वर, लावला की माणूस आपोआप बलवान होत नाही. समोरचा त्याला वाट करून देतो तेव्हा होतो. आणि दोघांच्या बोलण्यात कॅमेरा मध्येच पलीकडच्या बाजूला गेला, तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात आणि भांडणाची हवाच निघून जाते.

शूट उरकलंय, आता?

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही. विचारा: या घरात पहिलं ताट कुणाला वाढतात? उत्तर चुकलं तर एडिटमध्ये काही जमतं का पाहा. ‘मला तुमची भीती वाटते’ छापाची वाक्यं काढा आणि त्याआधीची शांतता दोन सेकंद वाढवा. 4K मध्ये शूट करून फिल्म 1080 मध्ये देणार असाल, तर चित्र न बिघडता फ्रेम निम्म्यापर्यंत कापता येते: ओळीत उभ्या चौघांतून दोघांना वेगळं काढता येतं, एखाद्याला कडेला ढकलता येतं. एवढं करूनही जमलं नाही, तर तेवढा एकच सीन पुन्हा शूट करा, आणि त्या दिवशी डायलॉगचे कागद घरीच ठेवून या.